परदेशी लोकप्रतिनिधींसमोर मुक्त व्यापाराची बाजू कशी मांडावी : मराठवाड्यातील उत्पादक संघटनांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

मराठवाड्यात परदेशी पाहुण्यांची ये-जा आता नवी राहिलेली नाही. अजिंठा-वेरूळ पाहण्यासाठी बौद्ध देशांतील मान्यवर येतात, नांदेडला तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या दर्शनासाठी परदेशस्थ शीख समाजातील मान्यवर येतात, मुंबईतील वाणिज्य दूत शेंद्रा-बिडकीनची औद्योगिक वसाहत पाहून जातात, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये जी-२० अंतर्गत डब्ल्यू-२० या महिलाविषयक गटाची बैठकही छत्रपती संभाजीनगरात झाली. अशा वेळी शेतकरी उत्पादक कंपन्या, जिनिंगवाले, बियाणे उत्पादक आणि लघुउद्योजक यांना भेटीची संधी मिळते आणि ती बहुतेक वेळा वाया जाते.

वाया जाण्याची रीत ठरलेली आहे. शाल, श्रीफळ आणि प्रास्ताविक यांत चाळीस मिनिटे जातात. मग आदल्या रात्री घाईने भाषांतर केलेले चौदा मागण्यांचे निवेदन पाहुण्याच्या हाती दिले जाते, ते सचिवाच्या पिशवीत जाते, छायाचित्र निघते आणि विषय संपतो. याचे मूळ आपल्या सवयीत आहे. जिल्हाधिकाऱ्यांना किंवा मंत्र्यांना निवेदन देताना आपण त्यांचे नागरिक असतो आणि त्यांच्यावर आपले काही देणे असते. परदेशी लोकप्रतिनिधीवर आपले कसलेही देणे नाही आणि त्याचा एकही मतदार त्या सभागृहात बसलेला नसतो. म्हणून निवेदनाचा साचा तिथे चालत नाही. त्याला त्याच्या देशाच्या हिताची गोष्ट सांगावी लागते, आणि ती सांगण्याआधी आपल्या स्वतःच्या देशाचे दार किती उघडे आहे याचा प्रामाणिक हिशेब हाताशी ठेवावा लागतो.

पुढील क्रम सहा आठवड्यांच्या तयारीचा आहे. वेळ कमी असेल तर सहावा टप्पा आटोपता घ्यावा, परंतु पहिले चार टप्पे गाळू नयेत.

पहिला टप्पा : पाहुण्याच्या हातात नेमके काय आहे ते शोधणे

ज्याच्याकडे अधिकार नाही त्याच्याकडे शुल्ककपात मागणे ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. जर्मनीचा किंवा फ्रान्सचा मंत्री स्वतःच्या अधिकारात आयात शुल्क कमी करू शकत नाही, कारण युरोपीय संघाचे सीमाशुल्क सामाईक आहे. तिथे व्यापार करारांच्या वाटाघाटी युरोपीय आयोग करतो आणि करार मंजूर होण्यासाठी परिषद व युरोपीय संसद यांची मान्यता लागते. परंतु त्याच मंत्र्याचे सरकार परिषदेत बसते, त्यामुळे "परिषदेत आपल्या देशाने ही भूमिका घ्यावी" अशी विनंती त्याच्याकडे करणे योग्य ठरते.

ब्रिटनच्या खासदाराला व्यापार करारात दुरुस्ती सुचवून ती मतदानाने मंजूर करून घेता येत नाही. २०१० च्या कायद्यानुसार करार संसदेपुढे बैठकीचे २१ दिवस ठेवला जातो आणि सभागृह मान्यता लांबवू शकते. खासदाराला लेखी प्रश्न विचारता येतो, समितीत मुद्दा मांडता येतो आणि मंत्र्याला पत्र लिहिता येते. त्याच्याकडे मागायचे ते एवढेच. अमेरिकेत परदेशी व्यापारावरील अधिकार राज्यघटनेने काँग्रेसला दिलेला आहे, मात्र निरनिराळ्या कायद्यांनी त्यातील मोठा भाग राष्ट्राध्यक्षांकडे सोपवलेला आहे, म्हणून तिथल्या प्रतिनिधीला तो कोणत्या समितीवर आहे हे आधी पाहावे. आखाती सहकार्य परिषदेच्या देशांचे बाह्य शुल्क सामाईक असून बहुतेक मालावर ते ५ टक्के आहे. तरीही संयुक्त अरब अमिरातीने भारताशी स्वतंत्र करार केला आणि तो १ मे २०२२ पासून लागू आहे.

तपासणी : "हा पाहुणा पुढच्या तीन महिन्यांत आपल्यासाठी कोणती एक कृती स्वतःच्या सहीने करू शकतो?" या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात लिहिता आले, तरच पुढे जावे.

दुसरा टप्पा : एक वस्तू, एक अडथळा, एक मागणी

आपल्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. जालन्याची मोसंबी, बियाणे आणि पोलाद, हिंगोली-वसमतची हळद, लातूरचे सोयाबीन आणि सोयापेंड, अर्धापूरची केळी, बीडचे सीताफळ, परभणीचा कापूस. यांपैकी त्या देशाशी खरोखर संबंध असलेली एकच वस्तू निवडावी. बाकीच्या सभासदांची नाराजी पत्करावी लागते आणि ती आधीच्या बैठकीत पत्करलेली बरी, पाहुण्यासमोर नव्हे.

वस्तू ठरली की तिचा एचएस क्रमांक, म्हणजे सीमाशुल्कासाठी वापरला जाणारा वर्गवारीचा क्रमांक, काढावा. पहिले सहा अंक जगभर सारखे असतात आणि त्यापुढचे अंक प्रत्येक देश स्वतः ठरवतो. मोसंबी आणि संत्रे यांच्या उपशीर्षकांत, किंवा हळकुंड आणि हळद-पावडरीच्या वर्गवारीत घोटाळा झाला, तर आपण भलत्याच शुल्काबद्दल तक्रार करून येतो. त्यानंतर अडथळ्याचा प्रकार ठरवावा : शुल्क आहे, कोटा आहे, की तपासणीचे नियम आहेत? मसाल्याच्या कित्येक पदार्थांवर श्रीमंत देशांत शुल्क आधीच शून्य असते आणि अडते ते कीटकनाशकांच्या अवशेषांवर. युरोपीय संघात ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला सरसकट ०.०१ मिलिग्रॅम प्रतिकिलो ही मर्यादा लागते. तिथे जाऊन "शुल्क काढा" म्हणणाऱ्याने आपला अभ्यास झालेला नाही हे स्वतःच सांगितलेले असते.

मागणीच्या स्वरूपाबद्दल एक नियम पाठ असावा. जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशाला एका देशाच्या मालावरचे शुल्क मनास येईल तसे कमी करता येत नाही, कारण एकाला दिलेली सवलत सर्व सदस्यांना द्यावी लागते. मुक्त व्यापार करार आणि विकसनशील देशांना दिलेल्या खास सवलती हे त्याचे मुख्य अपवाद आहेत. म्हणून "मराठवाड्याच्या मोसंबीला सूट द्या" ही मागणी कायद्यातच बसत नाही. मागणी तीनपैकी एका रूपात हवी : सर्व देशांसाठी शुल्क कमी करावे, चालू किंवा प्रस्तावित करारात ही वस्तू घ्यावी, किंवा तपासणीची पद्धत बदलावी.

सावधान : तिसऱ्या रूपातील मागणी सर्वांत कमी आकर्षक दिसते, परंतु माझ्या पाहण्यात मार्गी लागलेल्या मागण्या बहुतेक याच रूपातील होत्या.

तिसरा टप्पा : स्वतःच्या घराची झडती

हा टप्पा सर्वांना अवघड वाटतो आणि म्हणूनच गाळला जातो. तो गाळला तर पाहुण्याचा पहिलाच प्रश्न आपल्याला गप्प करतो. मी स्वतः एका बैठकीत हे अनुभवले आहे. फळांवरील शुल्काबद्दल आमचे म्हणणे संपताच पाहुण्याने शांतपणे कांद्याबद्दल विचारले, आणि आमच्यापैकी कोणाकडेही तारखा नव्हत्या.

त्या तारखा अशा आहेत. भारताने २९ सप्टेंबर २०१९ रोजी कांदा निर्यात बंद केली, १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा बंद केली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिसऱ्यांदा बंद केलेली निर्यात ४ मे २०२४ रोजी खुली झाली, तीही किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. निर्यात शुल्काचा शेवटचा भाग १ एप्रिल २०२५ पासून गेला. २०१९ च्या बंदीनंतर काही दिवसांतच दिल्लीतील व्यापार परिषदेत बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी, बंदीची पूर्वसूचना मिळाली असती तर बरे झाले असते, असे जाहीरपणे सांगितले होते. गव्हाची निर्यात १३ मे २०२२ पासून आणि बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात २० जुलै २०२३ पासून बंद झाली, त्यांतील तांदळाची पुढे खुली झाली. हे निर्णय आपण घेतलेले नाहीत, उलट त्यांचा फटका आपल्याच मोंढ्यात शेतकऱ्याला बसला, हे खरे आहे आणि ते तसे सांगावे. परंतु तारखा आपल्याला ठाऊक असल्या पाहिजेत.

झडतीचा दुसरा भाग अधिक टोचणारा आहे. गेल्या तीन वर्षांत आपल्याच संघटनेने दिल्लीकडे कोणत्या मालाच्या आयातीवर शुल्क वाढवण्याची मागणी केली? लातूर, धाराशिव, हिंगोलीतील सोयाबीन उत्पादकांनी खाद्यतेलावरील शुल्क वाढावे अशी मागणी सतत केलेली आहे. मे २०२५ अखेर केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरील मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणले, तेव्हा नाराजी उघड होती. तूर आयातीला मुदतवाढ मिळाली की मोंढ्यात हीच नाराजी दिसते. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरील ११ टक्के आयात शुल्क तात्पुरते माफ झाले, तेव्हाही तसेच झाले. पामतेल विकणाऱ्या देशाचा मंत्री समोर बसला असेल आणि आपण "मुक्त व्यापार सर्वांच्या हिताचा" असे म्हणू लागलो, तर त्याच्या फायलीत आपलेच जुने निवेदन असू शकते.

यावर दोनच प्रामाणिक मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे संघटनेच्या बैठकीत चर्चा करून तत्त्व म्हणून मुक्त व्यापार स्वीकारणे, त्याची किंमत मान्य करणे आणि तसा ठराव नोंदवणे. महाराष्ट्रात याला आधार आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या स्थापनेआधी मांडल्या गेलेल्या डंकेल प्रस्ताव या व्यापार कराराच्या मसुद्यावरून देशभर वादळ उठले असताना शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी त्याचे समर्थन केले आणि त्याच आवाजात शेतमालावरील देशांतर्गत निर्बंधही उठवा असे सरकारला सुनावले. दोन्ही दारे एकाच वेळी उघडा, असे ते म्हणणे होते आणि माझ्या मते आजही शेतकऱ्याच्या हिताची भूमिका तीच आहे. दुसरा मार्ग म्हणजे तत्त्वाची भाषा टाळून दावा आखूड करणे : "आम्ही या एका वस्तूच्या व्यापाराबद्दल बोलायला आलो आहोत, इतर वस्तूंबाबत आमच्यात मतभेद आहेत." यात कमीपणा नाही. एका तोंडाने तत्त्व आणि दुसऱ्या तोंडाने अपवाद मात्र चालत नाहीत.

तपासणी : पाहुण्याच्या देशातून भारतात येणाऱ्या पहिल्या पाच वस्तू, त्यांवरील आपले शुल्क आणि त्यांना होणारा आपल्या बाजूचा विरोध यांचा तक्ता तयार आहे का?

चौथा टप्पा : त्यांच्या मतदाराचा हिशेब

आता पूर्ण बाजू उलटी मांडायची आहे. आपल्या शेतकऱ्याला किती मिळेल हे कागदावर शेवटी येते आणि त्यांच्या गिऱ्हाइकाचे किती वाचेल हे आधी येते. शुल्क आपण भरतो असा समज दोन्ही बाजूंना असतो. प्रत्यक्षात ते त्या देशातील आयातदार आपल्या सरकारकडे भरतो, आणि त्यातील काही भाग आपल्याला भाव पाडून देऊन तर उरलेला भाग गिऱ्हाइकाकडून वसूल करतो.

साधे उदाहरण घेऊ. समजा, बंदरात पोहोचलेल्या मालाची किंमत १०० आहे आणि मधली साखळी १५ टक्के नफा लावते. शुल्क नसेल तर दुकानात तो माल ११५ ला जातो. २० टक्के शुल्क असेल तर किंमत आधी १२० होते आणि त्यावर १५ टक्के चढून १३८ होते. सरकारच्या तिजोरीत २० गेले, परंतु गिऱ्हाइकाच्या खिशातून २३ गेले. हे तीन आकडे पाटीवर लिहून दाखवले की अर्थशास्त्रावरच्या भाषणाची गरज उरत नाही. मात्र पाहुण्याच्या देशातील खरे शुल्क आणि खरे किरकोळ भाव घालूनच हा तक्ता करावा.

त्यानंतर कोणाचे नुकसान होईल ते आपणच आधी सांगावे. शुल्क कमी झाले की तिथला कोणीतरी उत्पादक अडचणीत येतो आणि तो मतदार असतो. मोसंबीचे उदाहरण पाहा. बांगलादेशाने संत्रावर्गीय फळांवरील शुल्क वाढवत नेल्यावर विदर्भाच्या संत्र्याची तिकडची निर्यात कशी आटली हे सर्वांना माहीत आहे. परंतु तिथेही चितगावच्या डोंगरी भागात माल्टा या मोसंबीसारख्या फळाच्या बागा उभ्या राहिल्या आहेत आणि तेथील फळ साधारण पावसाळ्यानंतर बाजारात येते. आपल्या मृग बहराची मोसंबी उन्हाळ्याच्या तोंडी येते. तेव्हा बारमाही शुल्कमाफी मागण्याऐवजी, त्यांच्या बागांचे फळ बाजारात नसताना त्या महिन्यांपुरते शुल्क खाली आणावे, अशी हंगामी मागणी मांडता येते. युरोपीय संघात काही फळांवर ऋतूनुसार बदलणारे शुल्क आहेच, त्यामुळे ही कल्पना अनोळखीही नाही. समोरच्या बागाईतदाराला न दुखावता मागितलेली सवलत देणे राजकारण्याला सोपे जाते.

याच टप्प्यात आणखी एक दुवा शोधावा, आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो : त्यांची भारतात किंवा अन्यत्र होणारी निर्यात आपल्या मालावर उभी आहे का? मराठवाड्यातला कापूस जिनिंगमधून १७० किलोच्या गाठी होऊन निघतो, त्याचे सूत होते, आणि भारतीय कापूस व सुताचे बांगलादेश हे मोठे गिऱ्हाईक आहे. तिथे त्याचे कपडे होतात. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाने जमिनीवरील बंदरांतून येणारे भारतीय सूत थांबवले आणि १७ मे २०२५ रोजी भारताने बांगलादेशी तयार कपड्यांचा जमिनीवरील मार्ग बंद केला. या दोन्ही बंदींचा भार शेवटी कापसाच्या भावावर पडतो, मग तो कपडा कोणत्याही देशात शिवला गेलेला असो. परभणीच्या कापूस उत्पादकाने बांगलादेशी कपड्यांचा भारतातील मार्ग मोकळा करा असे म्हणणे पाहुण्याला चकित करते, आणि ते म्हणणे खरे असल्यामुळे टिकते.

सावधान : "आपल्या दोन देशांतील व्यापारतूट कमी होईल" असे आश्वासन देऊ नये. दोन देशांमधील तूट अनेक कारणांनी हलते आणि आपल्या एका वस्तूने ती बदलणार नाही. पाहुण्याने तुटीचा विषय काढला, तर भारताने २०११ मध्ये साफ्टा या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराअंतर्गत अल्पविकसित शेजारी देशांना २५ वस्तू वगळता शुल्कमुक्त प्रवेश दिला होता, ही वस्तुस्थिती सांगावी.

पाचवा टप्पा : परवानगी, कायदा आणि भेटवस्तू

परदेशांशी व्यापार आणि आयात-निर्यात हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील केंद्र सूचीत, ४१ व्या नोंदीत आहे. त्यामुळे आपण भारताच्या वतीने बोलत नाही हे पहिल्या वाक्यात सांगावे आणि कसल्याही "सामंजस्य करारा"वर शुल्काबद्दल सही करू नये. पाहुणा पदावर असलेला मंत्री असेल, तर भेट त्या देशाच्या दूतावासामार्फत आणि जिल्हा प्रशासनाला व राज्याच्या राजशिष्टाचार विभागाला कळवून ठरवावी. त्या देशात पैसे देऊन सल्लागार नेमणार असाल, तर परदेशी हितसंबंधांसाठी काम करणाऱ्यांच्या नोंदणीच्या तिथल्या कायद्याबद्दल वकिलाला आधी विचारावे. अमेरिकेत असा कायदा १९३८ पासून आहे, ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये केला आणि ब्रिटनची योजना जुलै २०२५ मध्ये सुरू झाली.

भेटवस्तूच्या बाबतीत आपल्या पाहुणचाराला आवर घालावा लागतो. पैठणी देऊ नये. ब्रिटनच्या खासदाराला ३०० पौंडांपेक्षा अधिक किमतीची भेट जाहीर नोंदवावी लागते, आणि महाग भेट तशीच टेबलावर ठेवून जाणारे पाहुणे मी पाहिले आहेत. वसमतच्या हळदीचे छोटे पाकीट पुरेसे आहे. धार्मिक स्थळी दर्शनाला आलेल्या व्यक्तीला तिथे कागद देणे पूर्णपणे टाळावे.

सहावा टप्पा : एका पानाचे टिपण, मापे आणि दुभाषी

टिपण पाहुण्याच्या भाषेत आणि एकाच पानाचे असावे. त्याचा पहिला परिच्छेद साधारण असा असावा :

"आपल्या देशात अमुक क्रमांकाच्या फळावर मार्च आणि एप्रिलमध्ये अमुक टक्के शुल्क आहे. या महिन्यांत आपल्या बागांचे फळ बाजारात नसते. शुल्क अमुक टक्क्यांवर आणल्यास किरकोळ भाव प्रतिकिलो अमुक इतका उतरू शकतो. आमची विनंती अशी की, हा प्रश्न आपण आपल्या वाणिज्य मंत्रालयापुढे लेखी मांडावा."

या परिच्छेदात मराठवाड्याचा दुष्काळ नाही, संघटनेची स्थापना नाही आणि विशेषणे नाहीत. ती माहिती पानाच्या तळाशी दोन ओळींत येते.

मापांची चूक इतकी वारंवार होते की तिचा वेगळा उल्लेख करतो. आपले आकडे क्विंटल, एकर, लाख आणि कोटी यांत असतात. १ लाख क्विंटल म्हणजे १०,००० टन आणि १ हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर. रक्कम दशलक्षात आणि त्यांच्या चलनात लिहावी. आपले आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असते आणि बहुतेक देशांची आकडेवारी जानेवारी ते डिसेंबर अशी असते, म्हणून दोन्हींची तुलना करताना वर्ष स्पष्ट लिहावे. दुभाष्याला टिपण तीन दिवस आधी द्यावे आणि बहर, मोंढा, आडत, पेंड, गाठ अशा शब्दांचे अर्थ त्याच्यासोबत बसून ठरवावेत.

तपासणी : विषयाशी संबंध नसलेल्या एका व्यक्तीला टिपण वाचायला द्यावे. नेमके काय मागितले आहे हे तिला एका मिनिटात सांगता आले नाही, तर टिपण पुन्हा लिहावे.

सातवा टप्पा : भेटीचा अर्धा तास

शक्य असेल तर भेट सभागृहात घेऊ नये. पॅकहाऊसमध्ये, जिनिंगच्या आवारात किंवा बागेत घेतलेली भेट पाहुण्याच्या लक्षात राहते आणि तिथे व्यासपीठ नसल्यामुळे भाषणेही होत नाहीत. स्वागत दोन मिनिटांत आटोपावे आणि सत्कार शेवटी ठेवावा.

बोलणारी व्यक्ती एकच असावी. स्थानिक पुढाऱ्यांना निमंत्रण देणे भाग असते, त्यांच्याशी आदल्या दिवशी बोलून "साहेब, मागणी एकच आहे आणि ती अध्यक्ष मांडतील" असे स्पष्ट ठरवून घ्यावे. ऐनवेळी कोणी चौदा मागण्या मांडू लागले तर आठवड्यांची तयारी तिथेच संपते.

पुढचा क्रम असा ठेवावा. प्रथम एका वाक्यात विनंती सांगावी, मग पाटीवरचा हिशेब दाखवावा, मग तिथल्या कोणाचे नुकसान होऊ शकते आणि ते कसे टाळता येईल ते सांगावे, मग एका प्रत्यक्ष उत्पादकाला तीन मिनिटे बोलू द्यावे. हे सर्व बारा मिनिटांत संपले पाहिजे. त्यानंतर आपण थांबावे आणि विचारावे : "यात आपल्याला कोणती अडचण दिसते?" पाहुणा जे सांगतो तेच या भेटीचे खरे उत्पन्न असते, कारण त्याच्या देशातील विरोध नेमका कुठे आहे हे आपल्याला दुसऱ्या कोणाकडून इतके स्पष्ट कळणार नाही. एका व्यक्तीने फक्त टिपण घेण्याचे काम करावे.

सावधान : पाहुण्याच्या देशातील निवडणूक, पक्ष किंवा शेजारी राष्ट्राशी असलेला वाद यांवर एकही वाक्य बोलू नये. त्याच्या विरोधी पक्षाचा नेता पुढच्या वर्षी आपल्याच बागेत येऊ शकतो.

आठवा टप्पा : अवघड प्रश्नांची उत्तरे

कांद्याच्या तारखा वर दिल्याच आहेत. साखर हा दुसरा हमखास प्रश्न. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांच्या तक्रारीवर जागतिक व्यापार संघटनेच्या पथकाने डिसेंबर २०२१ मध्ये भारताच्या विरुद्ध निर्णय दिला आणि उसाला दिले जाणारे समर्थन उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांच्या मर्यादेबाहेर असल्याचे म्हटले. भारताने त्यावर अपील केले, पण अपिलीय मंडळच डिसेंबर २०१९ पासून काम करू शकत नसल्यामुळे प्रकरण लटकले आहे. साखर कारखान्यांच्या परिसरात उभे राहून "आमच्याकडे अनुदान नाही" असे म्हणू नये. "हा वाद चालू आहे, आमचा आजचा विषय वेगळा आहे, परंतु आपली तक्रार आम्हाला माहीत आहे" हे उत्तर पुरेसे असते.

मजुरांबद्दलचा प्रश्न अधिक गंभीर आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांबद्दल परदेशी वृत्तपत्रांतही लिहून आले आहे. हा प्रश्न आल्यावर चिडणे किंवा "ही बदनामी आहे" असे म्हणणे चुकीचे आहे, कारण त्या बायकांचे दुःख खरे आहे. आपल्या पॅकहाऊसमध्ये किंवा जिनिंगमध्ये मजुरी, कामाचे तास आणि स्त्रियांच्या सोयी कशा आहेत याच्या नोंदी तयार असतील तर त्या दाखवाव्यात, आणि नसतील तर भेटीची घाई न करता त्या आधी तयार कराव्यात.

ज्या प्रश्नाचे उत्तर येत नाही तिथे "आठ दिवसांत लेखी कळवतो" असे सांगावे आणि तारीख पाळावी.

नववा टप्पा : भेटीनंतरचे काम

तीन दिवसांच्या आत आभाराचे पत्र जावे. त्यात मागणीचे तेच एक वाक्य, पाहुण्याने सांगितलेली अडचण आणि राहिलेल्या प्रश्नांची उत्तरे असावीत. त्याची प्रत केंद्रीय वाणिज्य मंत्रालय, विदेश व्यापार महासंचालनालय आणि शेतमाल असेल तर अपेडा (कृषी निर्यातीसाठीची केंद्रीय संस्था) यांना द्यावी, कारण वाटाघाटीच्या टेबलावर शेवटी तेच बसतात, आणि समोरच्या देशाने विषय काढला तर आपल्या अधिकाऱ्यांना तो प्रथमच ऐकावा लागू नये.

तपासणीच्या नियमांबद्दल मागणी असेल, तर आणखी एक काम नेमाने करावे. कोणताही सदस्य देश अवशेष मर्यादा किंवा लेबलाचा नियम बदलणार असेल, तर त्याने मसुदा जागतिक व्यापार संघटनेला कळवायचा असतो आणि हरकतींसाठी साधारण ६० दिवस द्यायचे असतात. ईपिंग या विनामूल्य सेवेवर आपल्या वस्तूचा क्रमांक आणि देश नोंदवला की अशा सूचना ईमेलने येतात. हरकत भारताच्या अधिकृत चौकशी केंद्रामार्फत पाठवता येते. नियम लागू झाल्यावर एखादा मंत्री भेटण्यापेक्षा मसुद्याच्या ६० दिवसांत पाठवलेले दोन पानी पत्र अधिक उपयोगी पडते.

पाहुण्यासोबत आलेल्या सचिवाचे आणि मुंबईतील वाणिज्य दूतावासातील व्यापार अधिकाऱ्याचे नाव, पद आणि पत्ता स्वतंत्र वहीत ठेवावा. मंत्री निवडणुकीत जातो, अधिकाऱ्याची बदली होते, म्हणून दर सहा महिन्यांनी वही तपासून नव्या व्यक्तीला तेच एका पानाचे टिपण, आकडे ताजे करून, पुन्हा पाठवावे.